पिवळी बाटली

माई आत्याकडे प्रत्येक औषधाचा स्वभाव नोंदलेला होता. क्रोसिन गरीब. जेंटामायसिन कानाला वाईट. पेनिसिलिन मोठ्या मनाचं, पण ज्याला सोसत नाही त्याचा घात करणारं. ही नोंद कागदावर नव्हती. मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात स्टाफ नर्सपासून इन्चार्ज सिस्टरपर्यंत तिनं जी हयात काढली, तिच्यातून ती जमली होती. ॲम्फोटेरिसिन-बीबद्दल मात्र ती एकच वाक्य बोलायची आणि थांबायची. "ते लावायचं तर शेजारी स्टूल घेऊन बसायचं." पुढचं काढायला तिला चहा द्यावा लागायचा.

आमच्या घरात औषधांच्या गोष्टी दोन बाजूंनी यायच्या. आबा, म्हणजे माईचे वडील आणि माझे आजोबा, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. बाप औषध बनवणारा, लेक ते देणारी. दिवाळीला दोघं एकत्र आले की फराळाच्या ताटांसमोर बुरशी, पू, शिरा, सलाईन असल्या गप्पा रंगायच्या आणि आजी कपाळाला हात लावायची.

आबा वाईकडून पिंपरीला आले ते पोटासाठी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. १९५४ मध्ये ती स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हातभार लावला, आणि १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आबा फर्मेंटेशनला होते. भल्यामोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला साखर घालायची, हवा द्यायची, तिचं तापमान सांभाळायचं. टाकीत दुसरा कुठला जंतू शिरला तर अख्खी बॅच गटारात. "बॅच गेली" हे शब्द आबा घरात कुणी वारल्यासारख्या आवाजात उच्चारायचे. पेनिसिलिन बुरशीपासूनच निघतं, त्यामुळे बुरशी ही आबांची अन्नदाती. माईनं पाहिलेली बुरशी वेगळी होती; ती पेशंटच्या मेंदूत आणि फुप्फुसात शिरलेली होती. यावरून बापलेकीचं खरोखर वाजायचं.

आबांची आवडती गोष्ट मातीची. कारखान्यात रजेवर जाणाऱ्याला साहेब सांगायचे म्हणे, येताना गावची चिमूटभर माती पुडीत बांधून आण. आबांच्या गोष्टींत तिखटमीठ असायचंच. पण मातीचं महत्त्व त्यांनी वाढवून सांगितलं नव्हतं. त्या काळात जगभरच्या औषध कंपन्या माती गोळा करत होत्या, कारण मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू आपल्या शेजाऱ्यांना मारायला जी रसायनं सोडतात, त्यांतच नवी औषधं सापडत होती.

बुरशीवरचं पहिलं उपयोगी प्रतिजैविक असंच सापडलं, आणि तेही टपालानं. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी काम करत. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जिवाणू वाढवायची आणि बरण्या पोस्टानं ऑल्बनीला पाठवायची. ब्राउन तिथं त्यातलं रसायन वेगळं करून पुन्हा पोस्टानं परत धाडायची. हेझनच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या व्हर्जिनियातल्या शेतावरच्या मातीतून त्यांना निस्टॅटिन मिळालं. १९५० मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि रॉयल्टीचा पैसा स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिला. फ्लॉरेन्समध्ये १९६६ चा पूर ओसरल्यावर भित्तिचित्रांवर चढलेली बुरशी हटवायलाही पुढे निस्टॅटिनच वापरलं गेलं. चित्रं वाचली, तोंडातला थ्रश बरा झाला, पण शिरेतून ते देता येईना. रक्तात गेलं की ते विषच ठरायचं.

अडचण मुळात बुरशीच्या घडणीत आहे. जिवाणू आपल्याहून इतके वेगळे की त्यांच्या वेगळेपणावर नेम धरता येतो. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीच्या बरीच जवळची. तिला मारायला निघालं की आपल्यालाही लागतं. फरक सापडला तो पेशीच्या आवरणात: आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. ज्या औषधाला एर्गोस्टेरॉल थोडं जास्त आवडतं, ते बुरशीला थोडं जास्त मारणार. हे 'थोडं' किती थोडं आहे, ते माईनं पलंगाशेजारी बसून पाहिलं.

ॲम्फोटेरिसिन-बीची माती व्हेनेझुएलातली, ओरिनोको नदीच्या काठची. स्क्विब कंपनीच्या शास्त्रज्ञांना तिच्यात स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस हा जिवाणू मिळाला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्यातून दोन भावंडं निघाली, ए आणि बी. बी जास्त जोरकस, म्हणून तेच टिकलं. ते पाण्यात विरघळत नव्हतं, म्हणून त्याला डीऑक्सिकोलेट या पित्तातल्या क्षाराची जोड दिली. दशक संपता संपता ते शिरेतून देण्याजोगं होऊन बाजारात आलं. त्याआधी शरीरभर पसरलेल्या बुरशीच्या रोगातून माणूस वाचला तर ते केवळ त्याचं नशीब.

याच सुमारास पिंपरीतही काही घडत होतं आणि आबांची छाती त्याच आठवणीनं फुगायची. कंपनीच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार होते, मूळचे वनस्पतींच्या बुरशीचे अभ्यासक. त्यांच्या गटानं १९६१ मध्ये हॅमायसिन जगापुढे ठेवलं. ज्या जिवाणूतून ते निघालं त्याला त्यांनी नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हॅमायसिन हे रसायनाच्या कुळानं ॲम्फोटेरिसिनचंच नातलग. अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिसच्या रुग्णांना ते तोंडावाटे देऊन पाहिलं गेलं. इथं ते कानातल्या बुरशीला, तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या कँडिडाला लावायला चाललं. पुढे त्याच प्रयोगशाळेनं ऑरिओफंजिन काढलं, ते पिकांच्या रोगांवर गेलं. शिरेतून द्यायचं औषध मात्र पिंपरीच्या हाती लागलं नाही. आबांना ते कधी पटलं नाही. "आमचंही त्याच तोडीचं होतं," असं ते शेवटपर्यंत म्हणत. माईचं उत्तर ठरलेलं: "आबा, विरघळलं असतं तर मीच लावलं असतं."

तिनं लावलं ते पिवळं. कुपीत पिवळी पूड, पाणी घातलं की गडद पिवळा द्रव. मग तो ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळायचा, वॉर्डाच्या भाषेत डी-फाइव्हमध्ये. सलाईनमध्ये कधीच नाही. सलाईनचा थेंब लागला की औषध नासलेल्या दुधासारखं फुटायचं, आणि फुटलेलं औषध शिरेत गेलं तर काय व्हायचं ते माई सांगत नसे. नव्या मुली इथंच गडबडायच्या, कारण आणखी एक नियम याच्या अगदी उलटा होता: ॲम्फोटेरिसिन सुरू करण्याआधी पेशंटला साधं सलाईन भरपूर द्यायचं. औषधानं किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतात. अंगात मीठ-पाणी भरून ठेवलं तर ती थोडी सावरते. म्हणजे सलाईन हवंच, पण आधी, आणि मधे नळी डी-फाइव्हनं धुवून. हा क्रम माईनं हाताखालच्या प्रत्येक मुलीकडून तोंडपाठ म्हणवून घेतला होता.

बाटलीला काळा कागद गुंडाळायचा. उजेडानं औषध उतरतं, असं पुस्तकात होतं. तेवढ्या तासांच्या उजेडानं फारसं बिघडत नाही, हे पुढे सिद्ध झालं, तरी माईच्या वॉर्डात कागद सुटला नाही. पहिल्या दिवशी एक मिलिग्रॅम, चाखवायला. मग मात्रा चढवत न्यायची. थेंब असे मोजायचे की बाटली चार ते सहा तास चालेल. त्याआधी ॲव्हिल, पॅरासिटामॉल, गरज वाटली तर हायड्रोकॉर्टिसोन. आणि तरीही तासाभरात ते यायचंच.

ते म्हणजे रायगर. हुडहुडी म्हटलं तर फार सौम्य होईल. मे महिन्यातल्या मुंबईत पेशंटचे दात असे वाजायचे की शेजारच्या कॉटवरचा उठून बसायचा. लोखंडी खाट थडथडायची. मावशी ब्लँकेटं आणायच्या, मामा पाय धरून बसायचे, माई थेंब कमी करायची आणि हाउसमनला पेथिडीन लिहायला लावायची. मग ताप चढायचा, घाम फुटायचा, उलटी व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि हे आठवडेच्या आठवडे. इंग्रजीत डॉक्टरांनी या औषधाला 'ॲम्फोटेरिबल' असं नाव ठेवलं होतं. माईच्या वॉर्डात एका मालवणी पेशंटनं त्याला 'हाळदीचो भूत' म्हटलं होतं आणि तेच नाव तिथं रुळलं.

शिवाय पोटॅशियम उतरायचं. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत माई पेशंटला मूठ वळायला सांगायची आणि तिच्यातल्या जोरावरून अंदाज बांधायची. पोटॅशियमचं सायरप तोंडाला कडू, म्हणून ती नातेवाइकांना शहाळं आणायला पिटाळायची. पण क्रिएटिनिन चढत असेल तर शहाळं बंद, कारण किडनी थकली की तेच पोटॅशियम अंगावर येतं. ही तारेवरची कसरत ती रोज पहाटे रिपोर्टांच्या गठ्ठ्यासमोर करायची. औषधानं माणूस मारायचा की बुरशीनं, याचा हिशोब तिच्या पेन्सिलीनं फाइलीच्या कडेला लिहिलेला असायचा.

नव्वदच्या दशकात असे पेशंट वाढले. एचआयव्हीचा काळ. ट्रकचालक, हॉटेलातली पोरं, नवऱ्यामागून आजारी पडलेल्या बायका. डोकं फुटेल असं दुखायची तक्रार, मानेत ताठरता. पाठीतून पाणी काढून त्यात काळ्या शाईचा थेंब टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात पांढरी वलयं दिसायची. क्रिप्टोकोकस. कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी ही बुरशी, आणि मुंबईला कबुतरांची काय कमतरता. ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्याचं ती सहसा काही बिघडवत नाही. अशा पेशंटजवळ बसायला तेव्हा सगळेच तयार नसत. माई बसायची. त्याबद्दल तिच्या तोंडून फुशारकीचा शब्द मी ऐकला नाही. उलट, "स्टूल होतंच ना," एवढंच.

औषधाचा विषारीपणा कमी करायचा मार्ग शेवटी चरबीतून निघाला. इंग्लंडमध्ये ॲलेक बॅंगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं की फॉस्फोलिपिड पाण्यात घातले की त्यांचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे बनतात. लायपोसोम. ॲम्फोटेरिसिन अशा गोळ्यांत बसवून शिरेत सोडलं तर ते किडनीवर कमी उतरतं आणि बुरशीपर्यंत पोचून मोकळं होतं. परदेशात कंपन्यांनी त्याची औषधं केली आणि किमती अशा लावल्या की आपल्याकडच्या सरकारी इस्पितळांनी त्यांची नावंही घेऊ नयेत.

इथं एक गोष्ट मराठी वाचकांना माहीत असायला हवी आणि बहुधा नाही. स्वदेशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन परळमध्ये, केईएम रुग्णालयात पेशंटांवर पारखलं गेलं. जीवरसायनशास्त्रज्ञ बिमलकुमार बछावत यांचा दिल्ली विद्यापीठातला गट लायपोसोम बनवत होता. केईएममध्ये क्लिनिकल फार्माकॉलॉजीच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी ते नव्वदच्या दशकात वापरून पाहिलं. ज्यांना साधं ॲम्फोटेरिसिन सोसत नव्हतं किंवा लागू पडत नव्हतं, अशांपैकी काही त्यातून उठले. पुढे ते फंजिसोम नावानं बाजारात आलं. त्याची एक गंमत होती: देण्याआधी कुपी पाऊण तास ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावी लागे, म्हणजे आतले गोळे योग्य आकाराचे होत. माईच्या वॉर्डात ते तिच्या निवृत्तीच्या अलीकडे पोचलं. पहिल्या पेशंटला लावून ती सवयीनं ब्लँकेटं घेऊन बसली. पेशंट झोपून गेला. "मला वाटलं बाटलीत औषधच नाही," ती सांगायची.

आबा तोवर गेले होते. कारखाना नव्वदच्या दशकातच आजारी उद्योगांत जमा झाला, आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. ज्या देशाला बुरशीवरची औषधं लागणारच होती, त्यानं ती शोधणारी स्वतःची प्रयोगशाळा अशी विझू द्यावी, हा मला करंटेपणा वाटतो.

२०२१ च्या मे महिन्यात त्याची किंमत कळली. कोरोनाची दुसरी लाट, घरोघर मधुमेह, त्यात स्टेरॉइड. साखर चढली, रक्तात आम्ल वाढलं, लोह मोकळं झालं, आणि म्युकर या बुरशीला याहून काही लागत नाही. १८८५ मध्ये अर्नोल्ड पाल्टाउफ यांनी माणसात तिची नोंद केली तेव्हापासून ती दुर्मिळ मानली जात होती. त्या जूनअखेर देशात ४०,००० हून जास्त रुग्ण मोजले गेले, आणि गुजरात-महाराष्ट्र आघाडीवर. लोक तिला काळी बुरशी म्हणू लागले. काळी होते ती बुरशी नाही. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते आणि मेलेलं मांस काळं पडतं. म्हणून नुसतं औषध पुरत नाही, मेलेला भाग कापूनच काढावा लागतो.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, त्यांतलाच. गालाला बधिरपणा, वरची दाढ हलायला लागली, नाकातून तपकिरी पाणी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वरचा अर्धा जबडा काढला आणि हातात चिठ्ठी दिली. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा कुप्या, रोज, आठवडे. एका कुपीचा भाव तेव्हा पाच ते सात हजारांच्या घरात, तोही मिळाली तर. वाटप जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत. व्हॉट्सॲपवर नंबर फिरत होते, त्यांतले निम्मे उचलले जात नव्हते. त्या महिन्याअखेर वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं बनवलेली कुपी बाराशे रुपयांत मिळणार, ही बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी ती एकमेकांना वाचून दाखवली. १२ जूनला जीएसटी परिषदेनं या औषधावरचा कर शून्यावर आणला.

मधल्या दिवसांत दादाच्या वाट्याला साधं आलं. जुनं. पिवळं. कुपीचा फोटो मी माईला पाठवला. पंच्याहत्तरीकडे आलेली माई चष्मा लावून तो वाचत असणार, कारण फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"अरे, हे प्लेन आहे. मात्रा कुठली लिहिलीये?"

मी सांगितलं. मात्रा बरोबर होती. "बरं. कुपी बदलली की मात्राही बदलते, हे ध्यानात ठेव. लायपोसोमलचा आकडा प्लेनला लावला तर हृदय थांबतं. प्रत्येक वेळी कुपी बघायची, नुसता कागद नाही. आता तिथल्या सिस्टरला फोन दे."

सिस्टर पंचविशीची. तिनं साधं ॲम्फोटेरिसिन कधी लावलेलं नव्हतं. तिच्या शिक्षणाच्या काळात त्याची गरजच पडली नव्हती. दोन थरांचा मास्क, घामानं भिजलेला पीपीई, आणि स्पीकरवर माई: आधी सलाईन, मग नळी डी-फाइव्हनं धू, मग हे, सहा तास. ॲव्हिल दिलंस? ब्लँकेट जवळ ठेव. पोटॅशियम उद्या नाही, आज संध्याकाळी. ती पोरगी सगळं "हो मॅडम" म्हणत लिहून घेत होती. ते ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनीही ऐकलं आणि तसंच केलं. दादाला रायगर आला. पण येणार हे माहीत होतं, म्हणून कुणी घाबरून ड्रिप तोडली नाही.

दादा वाचला. टाळूच्या जागी आता काढता-घालता येणारी प्लेट आहे. ती नसली की त्याचे शब्द नाकातून येतात. दर महिन्याला तो साखर तपासतो आणि जो कोणी मधुमेही सर्दी-तापानंतर गाल बधिर झाल्याचं, पापणी उतरल्याचं सांगेल त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे हाकलतो.

ॲम्फोटेरिसिनचा इतिहास लिहिला गेला आहे तो रसायनाचा. इलिनॉयमधल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे दाखवलं की ते आवरणाला भोकं पाडण्यापेक्षा त्यातलं एर्गोस्टेरॉलच शोषून घेतं, आणि किडनीला न दुखवणारं त्याचं नवं रूप बनवायच्या मागे ते आहेत. बिहारमध्ये काळ्या आजाराला त्याच्या लायपोसोमल रूपाची एकच मोठी मात्रा पुरते, हे बनारसच्या डॉ. श्याम सुंदर यांच्या गटानं २०१० मध्ये सिद्ध केलं. हे सगळं छापलेलं आहे, शोधलं की मिळतं. पण साठ वर्षं हे जहर माणसाला सोसवलं ते पलंगाशेजारी बसलेल्या सिस्टरांनी, आणि त्यांचं शहाणपण बहुतेक त्यांच्याबरोबरच निवृत्त झालं. माईचं मी वहीत उतरवून घेतो आहे, चहा देऊन देऊन. तुमच्या घरात, चाळीत, ओळखीत एखादी निवृत्त सिस्टर असेल तर तुम्हीही घ्या: कोणतं औषध कशात मिसळायचं, किती सावकाश सोडायचं, आधी काय द्यायचं, कशाची वाट पाहायची. पेशंटचं नाव लिहू नका. बाकी सगळं लिहा.